समोर उभं राहायचा नेम

"दिवा बसवलास की आधी त्याच्यासमोर जाऊन उभी राहा. स्टिअरिंगमागे बसलेल्याला आपला दिवा नेहमीच चांगला वाटतो."

बाबांचं हे वाक्य तिला रोज सकाळी दुकानाचं शटर वर ढकलताना ऐकू यायचं. बाबा जाऊन बराच काळ लोटला होता, पण आवाज तसाच होता, थोडा बसलेला, घाई नसलेला. दुकान गाड्यांच्या दिव्यांचं. वायरिंग, बल्ब, आतला चकचकीत वाटीसारखा रिफ्लेक्टर, पुढची काच, एवढंच काम. इंजिनाला हात लावायचा नाही, असं बाबांनीच ठरवून टाकलं होतं. ट्रकवाले तिला फोकसताई म्हणायचे. बाबा मात्र लहानपणापासून काजवा म्हणायचे, आणि आता त्या नावानं हाक मारणारा एकटा दादाच उरला होता.

तिचे दोन नेम होते. दिवसाचा पहिला दिवा तपासून होईपर्यंत पाणी प्यायचं नाही, हा तिनं स्वतः धरलेला. आणि कुठलीही गाडी सोडण्याआधी समोर जाऊन उभं राहायचं, हा बाबांनी घालून दिलेला. दुकानासमोरची गल्ली सरळ जाऊन एका बंद गोदामाच्या भिंतीला भिडायची. त्या भिंतीत बाबांनी एक खिळा ठोकला होता आणि खिळ्याला स्वतःचा जुना तपकिरी स्वेटर अडकवून ठेवला होता. गाडी दुकानाच्या दारात उभी करायची, दिवे लावायचे, आणि ड्रायव्हरला विचारायचं, स्वेटर दिसतो का? मग आपण भिंतीपाशी जाऊन, समोरून येणाऱ्याच्या उंचीला डोळे आणून बघायचं, दिपतंय का?

"पांढरं काहीतरी टांगा की," एकदा एक ट्रकवाला म्हणाला होता. "आम्हालाही बरं वाटेल."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून लोक पांढरे कपडे घालून रस्त्यानं चालत नाहीत," बाबा म्हणाले होते.

दादाची छोटी बस होती. पहाटे कारखान्याच्या पाळीला बायकांना सोडायचं आणि संध्याकाळी दुसऱ्या पाळीच्या बायकांना परत आणायचं, असा करार. रस्ता वस्ती संपल्यावर झाडांमधून जायचा आणि त्यावर खांबावरचे दिवे नव्हते. थंडी सुरू झाली तेव्हा दादा पहिल्यांदा म्हणाला, "काजवे, दिवे मंद झालेत गं." तिनं तपासलं. वायर बारीक आणि जुनी होती, बॅटरीचा जोर वाटेतच मरत होता. तिनं जाड वायर टाकली, मध्ये बॅटरीचा जोर थेट दिव्यापर्यंत पोचवणारा रिले बसवला. उजेड चांगलाच वाढला. दादा खूश होऊन गेला, आणि थोड्याच दिवसांत परत आला.

"हाय बीम मारला तरी रस्ता पुढे दिसत नाही."

तिनं रिफ्लेक्टर बदलले, काचा घासून स्वच्छ केल्या, दिव्यांचा कोन पुन्हा भिंतीवर लावून पाहिला. त्या गाडीला जेवढा उजेड देता येत होता तेवढा तिनं दिला. त्या वेळी दादा घाईत होता. स्वेटर दिसतो का, असं तिनं विचारलं आणि तो "हो, हो" म्हणत निघूनही गेला.

आज दिवस मावळताना तो तिसऱ्यांदा आला. दुसऱ्या पाळीची फेरी लवकर आटपली होती. येताना त्याच्या हातात एक खोका होता.

"हे बसव. बाजारात मिळतात त्यातले सगळ्यात जबर आहेत. लावले की दिवस उगवतो म्हणे."

तिनं खोका उघडला. बल्ब हातात घेऊन उलटासुलटा केला. "दादा, हे या वाटीतले नाहीत. तुझ्या गाडीची वाटी ज्या बल्बसाठी बनलीये, त्याचा उजेड ती गोळा करून रस्त्यावर टाकते. हा बसवला की उजेड सांडेल. वर झाडांवर, बाजूला शेतात, समोरच्याच्या तोंडावर. पुढचा रस्ता मात्र तेवढाच राहील."

"सगळ्या गाड्यांना लागतायत."

"म्हणून तर सगळे एकमेकांना शिव्या देत चाललेत."

"मलाही समोरून येणारे तसेच मारतात की डोळ्यांत. प्रत्येकाचा दिवा फुटल्यासारखा दिसतो. चारी बाजूंना उजेडाच्या नुसत्या काड्या. मी काय पाप केलंय? मीही मारतो."

रागावलेल्या माणसाला दुकानात प्रतिप्रश्न करायचा नाही, ही तिची सवय होती. ती शांतपणे म्हणाली, "आधी आत्ता आहे ते बघू. हाय बीम लाव."

दादानं चावी फिरवली. गल्लीत उजेड पडला. ती वाकून डाव्या दिव्यामागचा जोड हातानं चाचपत होती. जोड घट्ट होता. सवयीनं, वर न बघताच तिनं विचारलं, "स्वेटर दिसतो का?"

"दिसतो."

"नीट?"

"अगं, दिसतो म्हणजे दिसतो. डावी बाही हलतेय वाऱ्यानं. हे जवळचं झालं. मला लांबचं पाहिजे."

ती सरळ उभी राहिली आणि तिनं भिंतीकडे पाहिलं. भिंत रिकामी होती. उजेडात खिळ्याची सावली तेवढी पडली होती.

दुपारी तिनंच तो स्वेटर उतरवला होता. कोपर विरलं होतं, रफू करायचं होतं. काम आलं तशी तिनं सुई तशीच टोचून ठेवली होती आणि स्वेटर खुर्चीच्या पाठीवर टाकला होता. परत अडकवायचं राहून गेलं होतं. इतक्या वर्षांत अशी चूक तिच्या हातून कधी झाली नव्हती.

ती आत गेली, सुई काढून टाचण्यांच्या उशीत खोचली, स्वेटर उचलला आणि बसच्या दारातून वर चढून दादाच्या मांडीवर ठेवला.

दादानं आधी स्वेटरकडे पाहिलं, मग समोर. हाय बीम चालूच होता. बराच वेळ त्याचा हात लोकरीवरून फिरत राहिला, जणू काय आहे ते बोटांनी विचारत होता.

"आत होता?" त्यानं हळूच विचारलं.

"हो."

"मला वाटलं... रोज असतो ना तिथे."

"कधीपासून, दादा?"

त्यानं चावी फिरवली. दिवे गेले आणि दोघंही मावळतीच्या करड्या उजेडात उरले. त्यात त्याला बोलणं सोपं गेलं असावं.

"आधी धुकं वाटायचं. मी काच पुसायचो. मग चष्मेवाल्यानं सांगितलं, मोतीबिंदू उतरलाय, दोन्हीकडे. दिवसा चालून जातं गं. अंधारातच..." तो थांबला. "परवा पहाटे ओढ्यावरच्या मोरीपाशी एक जण सायकल हातात धरून चालला होता. पुढच्या सीटवर ती पॅकिंगवाली बाई बसते ना, ती म्हणाली, अहो, माणूस. म्हणून मी थांबलो. ती म्हणाली म्हणून. त्याच दिवशी जाऊन हे बल्ब आणले."

ती त्याच्या शेजारच्या सीटवर टेकली. मनातल्या मनात तिनं त्या अनोळखी बाईला हात जोडले.

"लाव ना, काजवे," दादा म्हणाला. "उजेड वाढला तर दिसेल मला."

"तुला दिसेल की नाही, देव जाणे. समोरच्याला मात्र काहीच दिसणार नाही. मग रस्त्यावर एकाच्या जागी दोघं आंधळे."

"तुला बोलायला काय जातंय? मी एक दिवस गाडी नाही काढली तर तिथे दुसरी गाडी उभीच आहे. तिचा मालक रोज गेटवर येऊन चहा पितो आणि माझ्याकडे बघून हसतो. एकदा जागा गेली की गेली. घर त्या बसवर चालतं."

"माहीत आहे."

"मग? तू नाही लावलेस तर चौकातला लावून देईल. त्याला ना भिंत लागते ना स्वेटर."

"देईल तो," ती म्हणाली. तिचा आवाज एक पट्टीही चढला नाही. "मग मी रोज पहाटे मोरीपाशी येऊन उभी राहीन. बाबांचा स्वेटर घालून. दिसले तर थांब."

दादानं तिच्याकडे वळून पाहिलं. ती लहानपणी रुसायची तेव्हा आरडाओरडा करायची नाही, नुसती दारात बसायची आणि मग घरातलं कुणीच बाहेर जाऊ शकायचं नाही. ते त्याला आठवलं असावं.

"धमकी देतेस?"

"नेम सांगतेय. मी धरला की सोडत नाही, तुला माहितीये."

"मग करू काय मी? सांग ना. डोळे काढून देऊ?"

"डोळे दाखवायला जा. सरकारी दवाखान्यात मोतीबिंदू काढतात, आधी एक, मग दुसरा. तोवर गाडी चुकणार नाही. अंधारातल्या फेऱ्या मी मारते."

दादा चक्क हसला. "तू? बस?"

"लायसन्स आहे. ज्या गाडीचा दिवा लावतेस ती चालवता आली पाहिजे, असं म्हणून बाबांनी काढायला लावलं होतं. विसरलास? तू पहिल्यांदा नापास झालास आणि मी पास झाले, म्हणून दोन दिवस जेवला नव्हतास."

"त्या परीक्षेत उतार होता. तुला सपाट रस्ता मिळाला."

"बरं."

"या गाडीचा दुसरा गियर घट्ट आहे."

"तुझ्यासारखाच आहे. समजुतीनं घेतलं की पडतो."

"बायका देवाचं नाव घेत बसतील सगळ्या रस्ताभर."

"घेऊ देत. कुणाचं नुकसान आहे त्यात?"

दादानं डोळे मिटून सीटला डोकं टेकलं. "दुकान?"

"दिवसा आहेच की. फेरी करून येईन आणि शटर उघडेन." तिनं खोका बंद केला आणि त्याच्या हातात दिला. "हे परत करून टाक. आणि मला शब्द दे, उद्याच जाशील."

"उद्याच कशाला? सोमवारी..."

"उद्या."

तो खोक्याच्या कडेशी खेळत राहिला. "ऑपरेशनला घाबरतो मी," तो शेवटी म्हणाला. इतकं साधं की तिला वाटलं, हेच तो इतके दिवस धुक्यावर आणि वायरींवर ढकलत होता. "डोळ्यात काहीतरी घालतात. मी नुसत्या विचारानंच..."

"मीही घाबरते. उद्या पहाटे त्या झाडांमधून बस न्यायचीये मला. दोघं घाबरत घाबरत जाऊ. तू तिकडे, मी इकडे."

"ठीक आहे," दादा म्हणाला. खोका बाजूला ठेवून पुन्हा म्हणाला, "ठीक आहे. शब्द."

त्या संध्याकाळी बस तिनं दादाच्या घरापर्यंत नेली. वहिनी दारातच उभी होती. ड्रायव्हरच्या बाजूनं नणंद उतरलेली तिनं पाहिली. नवऱ्याचा हात धरून पायरी दाखवली आणि मागे वळून एवढंच म्हणाली, "जिन्यावरचा दिवा चांगला चालला होता, तरी यांनी मोठा लावायला लावला. तेव्हाच माझ्या मनात आलं होतं. बरं झालं ताई, तुम्ही बोललात. माझं ऐकलं नसतं."

पहाटे ती बस काढून दुकानासमोर आली. फेरीच्या वाटेवरच होतं दुकान. पहिला दिवा तपासल्याशिवाय पाणी नाही, आणि आजचा पहिला दिवा तिचा स्वतःचाच होता. बस दारात उभी करून तिनं चावी फिरवली. आता उतरून भिंतीपर्यंत चालत जायचं, परत यायचं, मग निघायचं. उशीर होणार होता, पण नेम म्हणजे नेम. तिनं दाराच्या कडीला हात घातला.

तेवढ्यात उजेडात गल्लीच्या टोकाला काहीतरी हललं. भिंतीपाशी, खिळ्याच्या बरोबर खाली दादा उभा होता. अंगात तपकिरी स्वेटर, कोपर अजून विरलेलंच. बाजूला वहिनी, हातात दवाखान्यात न्यायची पिशवी आणि टॉर्च. रांगेत नंबर लागावा म्हणून दोघं तिच्याआधीच घरून निघाली होती. तिनं दिवा डिपरवर, खालच्या झोतावर घेतला. दादानं मान थोडी पुढे केली, समोरून येणाऱ्या ड्रायव्हरच्या उंचीला डोळे आणले आणि उजेडाकडे बघत राहिला. त्याला काड्या दिसत असतील की धुकं, कुणास ठाऊक. त्यानं हात वर केला. म्हणजे दिपत नाही.

तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मला तू दिसतोस," ती म्हणाली. "बाहीसकट."

"उशीर होईल," दादा म्हणाला. "जा. दुसऱ्या गियरला घाई करू नकोस."

तिनं बाटलीतून घोटभर पाणी घेतलं आणि बस हळूच वळवली. मोठ्या रस्त्याला लागताना आरशात पाहिलं. आभाळ नुकतं फिकं होत होतं. वहिनीनं टॉर्च लावला होता. दादा मागे वळून न बघता, एक हात भिंतीला लावून, दवाखान्याच्या दिशेनं चालू लागला होता.