मासे तळाला

त्या वस्तीचं नाव काढलं की टॅक्सीवाले कानांवर हात ठेवत. तिसरा एकदाचा तयार झाला, तोही नाक्यापर्यंतच. पुढचा रस्ता गोटीची आई लेकीचं मनगट घट्ट धरून चालत गेली आणि मनाशी एकच घोकत राहिली, नुसतं बघून येऊ, बघायला काय जातंय. बघायला पुष्कळ काही जातं. पण नोकरीसाठी उंबरठे झिजवून जी मेटाकुटीला आली आहे, तिला हे कोण सांगणार?

नवरा गेला तेव्हा थोरला भाऊ स्वतः येऊन मायलेकींना आपल्या घरी घेऊन गेला होता. घर चांगल्या वस्तीतलं. फाटकावर पहारेकरी, खाली बाग, बागेत रंगवलेली बाकं. ती पूर्वी जिथं लहान मुलांना शिकवायची ती शाळा बंद पडली होती आणि बाकीच्या शाळांना हव्या होत्या ताज्या दमाच्या मुली. होकार आला तो फक्त इथून, कारण इथं बाई मिळत नव्हती आणि मिळालीच तर टिकत नव्हती. नोकरीबरोबर शाळेच्या माडीवर राहायला खोली होती. म्हणजे प्रश्न तिच्या एकटीच्या जिवाचा नव्हता. गोटी इथंच झोपणार, इथंच उठणार आणि याच रस्त्यावर खेळणार.

सकाळी निघताना दादा म्हणाला होता, "माणसं मरतात तिथं. तुला जायचं तर जा, पोरीला कशाला त्या खाईत लोटतेस?" आणि बोलता बोलता हातातला कप त्याने भिंतीवर भिरकावला होता. वहिनीने मुकाट्याने तुकडे गोळा केले. "ताई, मनावर घेऊ नका हं. मायेपोटी बोलतात ते."

मायेपोटी हे खरंच होतं. गोटी तापाने फणफणली तेव्हा हाच माणूस तिच्या उशाशी बसून होता. त्याने कधी कुणाला बोट लावलं नव्हतं. करायचा ती फक्त आदळआपट. ताटं, दारं, खुर्च्या, जे हाताला लागेल ते. नणंद-भावजयींनी त्याचं आपापसात नावही ठेवलं होतं, 'वारा सुटला'. वारा सुटला की पडेल ते आवरायचं, तोंड मिटून घ्यायचं आणि तो पडायची वाट बघायची. दोघी त्यावर हसायच्यासुद्धा. बायका कशाकशावर हसतील सांगता येत नाही.

शाळेच्या लोखंडी फाटकाला गोळ्यांची भोकं पडली होती. त्यांत लांबी भरून वरून हिरवा रंग दिला होता, पण नवा हिरवा जुन्यात मिसळला नव्हता, त्यामुळे भोकं मोजून घ्या म्हणावं इतकी स्पष्ट दिसत होती. मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत आणि त्या होत्या जेमतेम फाटकाच्या कडीएवढ्या. पायांत पळायचे बूट.

"घाबरू नका, पळायला लागतं म्हणून नाहीत हे," त्या म्हणाल्या. "टाचा दुखतात माझ्या."

त्यांनी शाळा फिरून दाखवली. रस्त्याकडच्या भिंतीला पुस्तकांची कपाटं खेटून लावलेली. घंटा नाही. फुग्यांना बंदी. खुर्ची ओढायची नाही, उचलून ठेवायची.

"बाहेर काही वाजलं की आम्ही म्हणतो, मासे तळाला," मोठ्या बाई म्हणाल्या. "मग सगळे मासे जमिनीवर पालथे. गाल फरशीला, हात डोक्यावर. आणि मासा बोलतो का कधी? नाही. खेळच आहे त्यांचा."

"बरेचदा म्हणावं लागतं?"

"अहो, आता म्हणावं लागतच नाही."

"आधीच्या बाई का गेल्या?"

"घाबरून. समोरच्या दुकानदाराला गोळी घातली, ते त्यांनी खिडकीतून पाहिलं." समोरचं शटर खाली होतं. "मी लपवाछपवी करत नाही. फसवून आणलेली बाई मला काय कामाची?"

तिथल्या तिथं तिचं ठरलं. नाही. उपाशी राहू, दादाचे चार शब्द ऐकून घेऊ, पण या पोराबाळांच्या तळ्यात माझी गोटी सोडणार नाही. नुसतं तोंडावर नाही कसं म्हणायचं, म्हणून मोठ्या बाईंनी एक तास घ्यायला सांगितल्यावर तिने मान डोलावली. गोटीला मागच्या बाकावर बसवलं आणि फळ्यापुढे उभी राहिली.

आणि काय सांगावं, तिला विसरच पडला. तिने हत्तीला पडसं झाल्याची गोष्ट सांगितली. हत्ती शिंकला तशी पोरं शिंकली, बाकावरून घरंगळली, एकमेकांवर शिंकायला लागली. वर्ग डोक्यावर घेतला त्यांनी. इतक्या महिन्यांनी तिच्या छातीवरचा धोंडा हलला होता. मग पोरांना गप्प करायला तिच्या हाताने जुन्या सवयीने जे केलं, ते जगातली कुठलीही मास्तरीण करते. तिने डस्टर उचललं आणि टेबलावर आपटलं.

वर्ग रिकामा झाला.

रडणं नाही, ओरडणं नाही. बाकांखाली पालथी पडलेली पोरं, गाल फरशीला, हात डोक्यावर. खडूची पूड हवेत तरंगत होती. तिला वाटलं, आपला हात आत्ता इथंच तुटून पडावा.

मग तिने मागच्या बाकाकडे पाहिलं. गोटी तिथं नव्हती. बाकाखालीही नव्हती.

"इकडे आहे," दारातून मोठ्या बाई हळूच म्हणाल्या आणि त्यांनी टेबलाकडे बोट दाखवलं.

गोटी टेबलाखाली होती, आईच्या पायांशी. ती इतकी चटकन पुढे आली होती की कुणाला दिसलीच नाही. गुडघे पोटाशी, डोकं गुडघ्यांत, दोन्ही कान तळव्यांनी गच्च दाबलेले.

मुलं उठली, कपडे झटकून हसायलाही लागली. एवढंच वाजलं होय, असं एक जण म्हणाला. गोटी मात्र बाहेर यायला तयार नव्हती.

"इतरांचं बघून केलं असेल," गोटीची आई म्हणाली.

"सगळ्यांच्या आधी गेली ती," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि आमची मुलं पालथी पडतात. हे कान झाकून बसणं आम्ही शिकवलेलं नाही, बाई. हे ती कुठूनतरी शिकून आली आहे."

गोटीच्या आईने टेबलाखाली वाकून लेकीला उचलून घेतलं आणि ती घराकडे निघाली.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. "मग? सांगितलंस ना त्यांना नाही म्हणून?" दादाने विचारलं.

"अजून नाही."

"अजून नाही?" त्याने ताट ढकललं. पाण्याचं भांडं खाली पडून गडगडत गेलं. तो उठला तशी खुर्ची मागे कोसळली. "मी काय वेडा म्हणून ओरडतोय? तुमच्या काळजीने जीव जळतो माझा!"

वारा सुटला होता. रोज अशा वेळी तिची नजर दादाच्या हातांवर खिळलेली असे, आता काय उचलतो म्हणून. आज पहिल्यांदा ती लेकीच्या खुर्चीकडे वळली. ताटात अर्धं जेवण होतं. गोटी नव्हती.

आतल्या खोलीत पलंगाची चादर जमिनीपर्यंत लोंबत होती. तिने ती वर केली. भिंतीला लागून गोटी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. शेजारी पाण्याची बाटली, चुरा झालेली बिस्किटं, घडी घातलेला टॉवेल आणि एक छोटी उशी, गेले कित्येक दिवस घरात सापडत नव्हती ती.

"ही उशी कुणाची गं?"

"तुझी," गोटी म्हणाली. "ही तुझी जागा आहे. पण तू येतच नाहीस."

बाहेर दार आपटलं. गोटीने कान दाबले. गोटीची आई पोटावर सरपटत आत शिरली, उशीवर डोकं टेकलं आणि तोंडात पदर कोंबून रडली. फाटकावरच्या भोकांचं भय जराही कमी झालं नव्हतं. समोरचं बंद शटर डोळ्यांपुढून हलत नव्हतं. जायचं कुठे, या आगीतून त्या आगीत?

"आई," गोटी कानाशी कुजबुजली, "त्या शाळेत आवाज झाला की बाई पण खाली झोपतात?"

"झोपतात."

"इथं मी एकटीच."

तिने पडल्या पडल्या फोन काढला आणि नंबर लावला.

"बोला," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण आवाज असा काय येतोय? कुठे आहात तुम्ही?"

बाहेर आणखी काहीतरी फुटलं. गोटीने आईचा दंड धरला.

"घरी," ती म्हणाली. "सोमवारपासून येते, बाई. दोघी येतो."