शनिवारचं बेसन

सोनाली माझी एकुलती एक. हिंजवडीला कंपनीत इंजिनिअर आहे, हुशार, कामसू. रंग तेवढा बापाचा घेतला, हे मी तिला कळायला लागल्यापासून ऐकवत आले. हो, ऐकवलं. खोटं कशाला बोलू!

रविवारी मुलाकडचे बघायला येणार म्हणून मीच मागं लागून तिला स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. केमिकल पील. औषध लावून वरची कातडी सोलायची, खालून उजळ येते म्हणे. बाईंनी दहादा बजावलं, "पापुद्रे निघतील, हात लावू नका. आपोआप गळू द्या."

शनिवारी तिच्या गालांवर उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखे पापुद्रे लोंबत होते. आणि उद्या पाहुणे! माझा जीव वरखाली. साय-बेसन कालवलं, तिला न्हाणीत बसवलं आणि लहानपणी दर रविवारी चोळायचे तसं खसाखसा चोळलं.

"आई, आग होतीय गं."

"होऊ दे. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही."

हात झडले का नाहीत माझे!

रविवारी तिचा लालभडक चेहरा बघून मुलगा बिचारा म्हणाला, "आधी डॉक्टरांकडे जा, बाकीचं नंतर बोलू." नंतर सोनालीनंच नको म्हटलं. पंधरा दिवसांत दोन्ही गालांवर काळे चट्टे उठले. बाई म्हणाल्या, वर्ष लागेल, कदाचित जाणारही नाहीत.

स्कूटरवरच्या पोरी तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, तशी तीही गुंडाळायची. "आल्या दरोडेखोर!" म्हणून मी चिडवायचे. आता घरात आली तरी तिचा स्कार्फ सुटत नाही. ताट घेऊन खोलीत जाते, दार लावून जेवते.

काल मला राहवलं नाही. "अगं, उकाडा केवढा! ऑफिसातही अशीच बसतेस?"

"नाही. तिथं सोडते."

"मग घरात का गं?"

"तिथं कुणी माझ्या तोंडाकडे बघत बसत नाही, आई."

रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मी तिचं ताट वाढलं. माझं ताट घेऊन भिंतीकडे तोंड केलं, तिच्याकडे पाठ करून बसले. "जेव. मी वळणार नाही."

बऱ्याच वेळानं मागं स्कार्फची गाठ सुटली. मग वाटीत चमचा वाजला.

आज पुन्हा तशाच बसलोय. तिनं भाजी मागितली, मी न वळता पातेलं मागं सरकवलं.