डोस्का खाली

डॉक्टर हिंदीत बोलले, तिथूनच सगळी गडबड झाली.

गोंदियात डॉक्टर हिंदीतच बोलतात, त्यात नवल काही नाही. मी त्याच गावात एका खासगी दवाखान्यात नर्स आहे, दिवसभर हिंदीच बोलते. पण त्या दिवशी मी पेशंटच्या स्टुलावर बसली होती आणि बाजूला माझ्या सासूबाई, सुमनबाई. खरं तर सोबत नवरा येणार होता. ऐनवेळी राजदीपचं काहीतरी काम निघालं. त्याचं नेहमीच निघतं.

झालं असं होतं की एका दुपारी वॉर्डात मी भरलेलं इंजेक्शन हातात घेऊन उभी राहिली आणि ते कोणाचं, हेच मला आठवेना. समोर दोन पलंग, दोन म्हाताऱ्या. एकीनं तर बिचारीनं बाही वर करून ठेवली. इन्सुलिन होतं ते. चुकीच्या बाईला गेलं असतं तर तिचा जीव गेला असता. मी ते फेकलं आणि बाथरूममध्ये जाऊन ढसाढसा रडली. डबल ड्यूटी, गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगाववरून एसटीनं येणंजाणं, घरी पोचली की चप्पल काढायच्या आत चूल. किती वर्षं चालणार होतं असं? मेट्रननं तीन महिन्यांची बिनपगारी सुट्टी दिली आणि बजावलं, डोक्याच्या डॉक्टरचं फिटनेस आणल्याशिवाय वॉर्डात पाय टाकायचा नाही. तिचं बरोबरच होतं. मलाही माझी भीती वाटत होती.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सासूबाईंना म्हणाले, "माताजी, तीन महीने इनका दिमाग एकदम खाली रखना है."

"समजली जी," सासूबाई म्हणाल्या.

काय समजल्या ते एसटीत कळलं. शेजारच्या अनोळखी बाईला त्या सांगत होत्या, "डॉक्टरनं सांगतलन, सुनेनं डोस्का खाली ठेवून राहावं मनून." ती बाईही मान हलवून राहिली, की डॉक्टर शहाणा दिसतो. मला वाटलं, म्हातारी गंमत करते. घरी आल्यावर राजदीपला तेच, फोनवर नणंदेला तेच. मी समजावून सांगितलं, आई, हिंदीतलं खाली म्हणजे रिकामं. तर म्हणाल्या, रिकामा डोस्का येड्याचा असते, तू येडी हायेस का?

त्यांना हिंदी येत नाही असं समजू नका. गाडीत चढल्या की "सीट खाली है क्या" म्हणून बरोबर विचारतात आणि बरोबर बसतात. माझं डोकं आलं की मात्र खाली म्हणजे खालीच.

पहिले चार दिवस झोपली. मग गावभर झालं, समीक्षा घरीच आहे. शेजारची दुर्गेश्वरी सासऱ्याला सलाईन लावायला बोलावून नेऊ लागली. कोणी बीपी मोजायला, कोणी बापाची जखम धुवायला. पौर्णिमेला विहारात वंदनेला गेली, म्हटलं तिथं तरी घटकाभर डोळे मिटून बसावं, तर मागून एकीनं विचारलं, बीपीची मशीन नाही आणली का बाई? आणि मी नाही म्हटलं की घरी सासूबाईंचा ठरलेला प्रश्न, डॉक्टरनं का सांगतलन, डोस्का खाली ना? मग मी पदर खोचून निघायची.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी निभावलं असतं. पण नणंद संघमित्रा आली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आहे. संघमित्राचं पहिलं मीच केलं होतं. दुसरं सासरी व्हायचं ठरलं होतं. पण घरात नर्स रिकामी बसून आहे म्हटल्यावर कोण सोडतं? पोट घेऊन आली, सोबत मोठं पोर घेऊन आली. मग दवाखान्यातून बाळ आलं आणि माझी झोप गेली ती गेलीच. शेगडी, शेक, लंगोट, काढे, पाहुण्यांचा चहा. आगीतून निघाली नि फुफाट्यात पडली. वॉर्डात निदान ड्यूटी संपली की दुसरी सिस्टर तरी यायची.

सालेकस्याला माहेरी पंधरा दिवस जाते म्हटलं, तर घरात कोणी हो म्हणेना. शेवटी राजदीपला म्हटलं, मला सुट्टी आरामासाठी मिळाली होती. तो मोबाईलमधून डोकंही न काढता बोलला.

"मग आरामच करून राहिली ना? ड्यूटीवर कुठं जाऊन राहिलीस?"

अशा माणसाला काय सांगायचं? ज्याचं जळते त्यालाच कळते. त्या दिवसापासून मी बोलणंच सोडलं. खाली मान घालून कामं करायची. सासूबाई खूश झाल्या, म्हणाल्या, गोळ्यांचा गुण आला.

तीन महिने सरले. पुन्हा तेच डॉक्टर, पुन्हा आम्ही दोघी. बाळाच्या रडण्यानं माझे कान अजून भणभणत होते. डॉक्टरांनी विचारलं, "दिमाग अब खाली रहता है?" मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी उत्तर दिलं.

"एकदम खाली, साहेब. आता मान वर करतच नाही."

डॉक्टर हसले. बाईंचं बोलणं त्यांना किती कळलं कोण जाणे. मग माझ्या डोळ्यांकडे बघत म्हणाले, झोप झालेली दिसत नाही, हवं तर आणखी तीन महिने सुट्टी लिहून देतो. हातात पेन घेऊन थांबलेसुद्धा. चांगला माणूस होता. मी एक शब्द खरा बोलली असती तर त्यांनी लिहून दिलं असतं.

आणखी तीन महिने. त्याच घरात.

"नहीं सर," मी म्हटलं, "अच्छी नींद आती है. मैं फिट हूँ."

फिटनेस मिळालं. दुसऱ्याच दिवशी वॉर्डात गेली. मेट्रन म्हणाली, समीक्षा, आराम मानवला तुला, बारीक झालीस. मी ट्रे उचलला, इंजेक्शन भरलं, पलंगापाशी गेली आणि नाव विचारलं. म्हातारीनं सांगितलं, पुष्पाबाई. मी कापूस ओला केला, तिचा दंड धरला आणि नाव विचारलं.

"आत्ताच तं सांगतली ना बाई," ती म्हणाली आणि तिनं हात मागे ओढून घेतला.