भारतीचं औषध

नागेशबुवांच्या पायात मंडपवाल्याची पिन घुसली ती कीर्तनाच्या पूर्वरंगात, आणि कळली ती आरती झाल्यावर. साखरेचं दुखणं जुनं. तळपायाला जाणीवच उरली नव्हती. सगळा उत्तररंग बुवा त्या पिनेवर उभे राहिले, नाचले, लोकांना रडवलं, हसवलं. प्रसादाच्या वेळी बायकोला, इंदुमतीकाकूंना सतरंजीवर लाल ठसे दिसले, तर म्हणाले, "अगं, कुंकू सांडलं असेल कुणाचं."

जखम चिघळली तशी दाजीबानपेठेतून औषधं येऊ लागली. हे नवं नव्हतं. बुवांचा गळा म्हणजे साऱ्या पेठेचा गळा. त्यांना नुसता खोकला आला तरी कुणीतरी गल्ल्याच्या खणातली उरलेली गोळ्यांची पट्टी काढून नेऊन देई. कधी अर्धी पट्टी, कधी दोनच गोळ्या, प्रत्येक घरची निराळी. भक्तिभावानं दिलेलं बुवांनी जन्मात नाकारलं नाही. तुळशीचं पान घ्यावं तशी एखादी गोळी घ्यायचे, बरं वाटलं की सोडून द्यायचे. कित्येक वर्षं हे असंच चाललेलं. यात कुणाचंच मन वाईट नव्हतं, हे आधी सांगायला हवं.

हुबळीतल्या इस्पितळात दाखल केलं तेव्हा पायातल्या, इतक्या वर्षांच्या अर्धवट गोळ्यांना सरावलेल्या जंतूंना कुठलंच औषध लागू पडेना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, विष हाडात उतरलंय, गुडघ्याखाली पाय काढू या, आत्ता काढला तर बुवा वाचतील.

बुवा हसले. "कशाला घाई? आपल्या भारतीचं औषध आहे की."

भारती म्हणजे वसंतशेठची मुलगी. वसंतशेठचं पेठेत साड्यांचं दुकान, आणि ही धारवाडला प्रयोगशाळेत जंतूंवर काम करणारी. बेडकाच्या कातडीत, आपल्या घामातसुद्धा, जंतूंना भोक पाडून मारणारे प्रथिनांचे बारीक तुकडे असतात. त्यातलाच एक घेऊन, थोडा बदलून, ती नवं काही घडवायला बघत होती. गेल्या वर्षी पेपरात त्याची बातमी आली. वसंतशेठनी ती चौकटीत घालून गल्ल्यामागे, विठोबाच्या तसबिरीखाली टांगली. गिऱ्हाइकाला आधी बातमी दाखवायची, मग साडी. बुवांनाही एक कात्रण दिलं होतं. ते बुवांनी पोथीत खूण म्हणून घातलं.

डॉक्टरांनी बुवांच्या जखमेतला नमुना भारतीकडे पाठवला होता. तिनं तिचा तुकडा त्या जंतूंवर घातला. संध्याकाळी रोजच्यासारखा वडिलांचा, अप्पांचा फोन आला.

"काय झालं आज?"

"काही नाही, अप्पा. डिशमध्ये मेले जंतू. पण ते डिशमध्ये. त्याचं काही धरू नका."

अप्पांनी त्यातलं 'मेले' तेवढं धरलं आणि दुकान बंद करायच्या आत ते पेठभर झालं.

दुसऱ्या दिवशी ती इस्पितळात गेली. खाटेवर बुवा उशीला टेकून बसले होते, पोथी मांडीवर. पाय पांढऱ्या पट्टीत, आणि खोलीत तो वास, जो तिला प्रयोगशाळेतून ओळखीचा होता.

"ये, बाळ. आणलंस का?"

"बुवा, माझ्याकडे औषध नाही. अजून काहीच नाही. डॉक्टर म्हणतात तसं करा."

बुवांनी इंदुमतीकाकूंकडे पाहिलं. "बघितलंस? मी म्हणालो नव्हतो? 'माझ्याकडे काहीच नाही' हे कोण म्हणतं? ज्याच्याकडे आहे तो म्हणतो. रिकामं मडकं कधी असं बोलतं का?"

"बुवा, हा विनय नाहीये."

"विनयी माणसं हेही म्हणतात."

काकू म्हणाल्या, "भारती, अडचण काय आहे ते तरी सांग. सरकारी परवानगी हवी का? आम्ही सही देतो. आमच्या जिवावर दे."

"काकू, वरून लावायचं तर हाडापर्यंत पोचत नाही. आणि रक्तात सोडायचं तर..."

"तर?" बुवांनी विचारलं.

"तर रक्तच खातं ते."

"इरली बिडु," बुवा कन्नडात म्हणाले. असू दे, राहू दे. शिष्यानं फार नम्रता दाखवली की म्हणायचे तसं. मग आवाज खाली आला. "बाळ, पाय गेला तर मी उभा कसा राहू? बसून करतात ते प्रवचन. माझा सगळा जन्म प्रवचनकारांची टिंगल करण्यात गेला. आता त्यांच्या पंगतीत बसू?"

काकू हसल्या आणि तसंच तोंड वळवून खिडकीकडे पाहत राहिल्या.

बाहेर डॉक्टरांनी भारतीला थांबवलं. ताप चढतोय, म्हणाले. फार थांबता येणार नाही. तुमच्यावर त्यांची श्रद्धा आहे. ती तुम्हीच मोडा, आमच्यानं होईना.

बसनं धारवाडला परतताना उणकलचं तळं मागं गेलं, नवनगर गेलं, आणि तिला लहानपणची रामनवमी आठवत राहिली. अप्पांच्या मांडीवर बसून ती बुवांना ऐकायची. बुवा सांगायचे, नुसता सिद्धांत सांगितला तर तो छपरावरच्या पाण्यासारखा ओघळून जातो. दृष्टांत हवा. डोळ्यांना दिसलं पाहिजे, मग ते आत राहतं.

सकाळी ती आली ती एक छोटा डबा घेऊन. नर्स साखर तपासायला रक्त काढतच होती. बुवांना विचारून भारतीनं त्यातलं थोडं घेतलं, मिठाच्या पाण्यात मिसळलं, दोन काचेच्या नळ्यांत सारखं वाटलं. एका नळीत आणखी नुसतं मिठाचं पाणी टाकलं. दुसऱ्या नळीत तिचं औषध, जंतू मारायला लागतं तेवढंच.

"हे काय, देवीच्या बोडणाची तयारी?" बुवा म्हणाले.

"थोडं थांबा. तोवर तुम्ही बोला काहीतरी."

बुवांना बोलायला सांगणं काय अवघड. त्यांनी प्रल्हादाचं आख्यान धरलं, अगदी हळू आवाजात. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कन्नड होता, त्याच्यासाठी मधेच कन्नडात सांगत. आवाज चिरकत होता, पण जिथं थांबायचं तिथंच थांबत होता.

मग भारतीनं पोथीतलं कात्रण काढलं आणि पहिली नळी त्याच्यापुढं धरली. गढूळ लाल. पलीकडचं एक अक्षर दिसेना. दुसरी धरली. ती काचेसारखी नितळ झाली होती, माणकासारखी, आणि तिच्यातून मथळा लखलखीत वाचता येत होता. 'धारवाडच्या संशोधिकेचे नवे औषध.'

बुवांचा चेहरा उजळला. "अगं, हे तर निवळलं. सगळा मळ गेला. आणि तू म्हणत होतीस..."

"बुवा, गढूळ आहे ना, ते जिवंत रक्त आहे. त्यातल्या पेशी शाबूत आहेत, म्हणून पलीकडचं दिसत नाही." तिनं दुसरी नळी बुवांच्या जवळ नेली. "हे नितळ झालं कारण यातली एकही पेशी उरली नाही. सगळ्या फुटल्या. हे तुमच्या अंगात असं होईल."

बुवांनी नळी हातात घेतली, खिडकीकडं धरली, पुन्हा कात्रणापुढं धरली. बराच वेळ ते आपल्याच रक्तातून तो मथळा वाचत होते.

"म्हणजे खरंच काही नाही तुझ्याकडे."

"नाही, बुवा."

"बरं." त्यांनी नळी जपून तिच्या हातात दिली. "दृष्टांत चांगला दिलास. आता डॉक्टरांना बोलाव." आणि काकूंकडे वळून म्हणाले, "त्या प्रवचनकारांना निरोप धाड, म्हणावं पाट मांडून ठेवा."

त्याच दुपारी पाय काढला. शस्त्रक्रिया नीट झाली. पण ताप उतरला नाही. थांबण्यात जे दिवस गेले तेवढ्यात विष रक्तात उतरलं होतं. भारती रोज येऊन बसायची. शेवटी शेवटी बुवांना भान नसे, पण चादरीखाली उरलेलं पाऊल तालात हलायचं. मग तेही थांबलं.

तेरावं झाल्यावर वसंतशेठ काकूंना भेटायला गेले. त्यांना काही सांगायचं होतं. उंबऱ्यातच ते थांबले. काकू म्हणाल्या, "शेठ, बसा. तुम्ही आनंदानं सांगितलंत, त्यांनी आनंदानं ऐकलं. त्यांना तसंच ऐकायची सवय होती." चहा पुढे केला. मग जरा वेळानं म्हणाल्या, "मी मात्र डॉक्टरांचं ऐकायला हवं होतं."

दुकानातली चौकट उतरली. तसबिरीखाली आता नुसता खिळा आहे.

भारतीला काकूंनी एकच विचारलं होतं. "त्यांच्या पायातला तो जंतू आहे का अजून तुझ्याकडे?"

"आहे. गोठवून ठेवलाय."

"जिवंत?"

"हो."

काकू म्हणाल्या, "राहू दे. तुला लागेल."

गोठवलेल्या जंतूंच्या नळीवर बुवांचं नाव नाही, नुसता आकडा आहे. भारतीनं आपला तुकडा पुन्हा बदलला, एक कडी इकडची तिकडे केली, रक्तात टाकला आणि नळीमागं छापील कागद धरला. अक्षर दिसलं नाही. रक्त शाबूत होतं. ती बराच वेळ ते गढूळपण बघत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तोच तुकडा घातलेली जंतूंची डिश उघडली, तर जंतूही शाबूत होते.

संध्याकाळी फोन आला.

"काय झालं आज?"

"काही नाही, अप्पा."

पलीकडं दुकानात कुणीतरी साडीचा भाव विचारत होतं.

"बरं," अप्पा म्हणाले. या वेळी त्यांनी तेवढंच धरलं.