दचकणारे उंदीर

धाकटीने आज तसं फारसं काही केलं नाही. प्रयोगशाळेतला दगडी ओटा धुवायचा होता, म्हणून त्यावरचा उंदरांचा पिंजरा उचलून स्टीलच्या टेबलावर ठेवला. मग सवयीने कोपरं टेकून टाळी वाजवली, आणि पिंजऱ्यातले ठार बहिरे उंदीर दचकले.

या उंदरांना औषध दिलेलंच नव्हतं.

कानाच्या आत केसांसारखे बारीक तंतू असतात, आणि त्यांना एकमेकांशी जोडणारं एक प्रथिन असतं. आवाजाने तंतू हलले की ती जोडणी ताणली जाते, आणि माणसाला काय, उंदराला काय, ऐकू येतं. ते प्रथिन घडवणारं जनुक बिघडलं, की जोडण्या कच्च्या होतात आणि एकेक करून तुटतात. धाकटीने त्या जनुकाची चांगली प्रत काही उंदरांच्या कानात सोडली होती. औषधवाले उंदीर स्टीलच्या टेबलावर, बिनऔषधाचे दगडी ओट्यावर. टाळी वाजली की औषधवाले दचकायचे, बाकीचे नाही. सरमिसळ नको म्हणे! शिस्तीची भारी हौस.

तिने औषधवाल्यांचा पिंजरा घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवला, कोपरं वर उचलली आणि टाळी वाजवली. उंदीर दाणे कुरतडत राहिले. तिने पुन्हा टाळी वाजवली, मग पत्र्याचा डबा बडवला. शेवटी शेजारच्या खोलीतून सर धावत आले.

"अगं, काय आभाळ कोसळलं?"

"सर, ते ऐकत नव्हतेच. माझ्या कोपरांनी टेबल हादरत होतं."

सर मटकन खुर्चीत बसले. पण धाकटीला सरांची पर्वा नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे तिचा दादा होता.

दादा घड्याळं दुरुस्त करायचा. त्याच्यातही हेच जनुक बिघडलेलं. एक कान पुरता गेला होता, दुसऱ्यात उरलंसुरलं ऐकू येतं, असं तो म्हणायचा. गेलेल्या कानात शस्त्रक्रियेने ऐकण्याचं यंत्र बसवायची तारीख त्याला मिळाली होती, आणि आज दुकान बंद झालं की इस्पितळात जाऊन तो ती परत करणार होता. कारण धाकटीनेच त्याला सांगितलं होतं, "दादा, उंदीर ऐकायला लागले!" अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच.

दुकानाच्या वाटेवर तिने मोबाइलवर निरोप लिहिला, पुसला, परत लिहिला. सिग्नलला तिचा पाय ठरेना. आपण किती मूर्ख आहोत, हे एकच तिच्या डोक्यात घणासारखं वाजत होतं.

दुकानाच्या लाकडी पायरीवर ती धाडकन चढली. पाठमोरा बसलेला दादा लगेच वळला.

"ये. एवढी धापा का टाकतेयस?"

तो ओठ वाचायचा, म्हणून तिला त्याच्या समोर उभं राहून, एकेक शब्द सुटा करून ते सांगावं लागलं. टेबल, कोपरं, टॉवेल, सगळं. पुटपुटून सुटका नव्हती.

"म्हणजे औषध लागू पडलंच नाही?"

"नाही, दादा. तू तारीख परत करू नकोस."

दादाने हातातला चिमटा खाली ठेवला. मग त्याने पायरीकडे बोट दाखवलं.

"तुझे उंदीर आणि मी, सारखेच," तो म्हणाला. "तू चढलीस की फळ्या हलतात, म्हणून मी वळतो. घड्याळ चालतंय का, ते हनुवटीला लावून बघतो. दुसरा कानही गेला गं, कधीचाच."

"मग सांगितलं का नाहीस? तारीख कशाला परत करत होतास?"

"यंत्र बसवलं की त्या कानात तुझं औषध चालायचं नाही, असं वाटलं. तुझ्यासाठी जागा राखून ठेवली होती."

धाकटीचा बांध फुटला. दोन्ही हातांनी चेहरा झाकून ती काहीबाही बोलत सुटली, माफी मागत होती की त्यालाच रागावत होती, तिचं तिलाही कळेना.

दादा उठला आणि त्याने तिचे हात धरून खाली ओढले.

"तोंड झाकू नकोस," तो म्हणाला. "मग मला काहीच ऐकू येत नाही."