थंड पाण्याची पावडर

आमच्या मुरूडच्या घरामागे आई मासळीच्या रक्ताने माखलेलं लुगडं धूत होती. थंड पाण्यातही डाग काढील असं एन्झाइम आमच्या प्रयोगशाळेत घडवलं होतं. त्याची पावडर मीच तिला आणून दिली होती. तिने ती लुगड्यावर टाकून वर उकळतं पाणी ओतलं.

"आई, उकळत्या पाण्यात ते मरतं गं!"

"मरतं? म्हंजे जितं व्हतं का? आधी सांगायचंस, सुरमईवानी बर्फात ठेवलं असतं."

मी चिडून एसटी पकडली. दुसऱ्या पहाटे धक्क्यावर ती कोसळली, ती उठलीच नाही.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. दहाव्याला घरातले कपडे धुवायचे होते. मी तेच लुगडं ती पावडर घालून थंड पाण्यात भिजवून घासत राहिले. उकळत्या पाण्याने डाग पक्के बसले होते.

"पुरे आता," ठमीमावशी म्हणाली. "बोटं सोलवटतील. तुझ्या आईची न्हाय बघितलीस? कडत पाण्यानं जलमभर भाजलेली."

मी घासायची थांबले.

"बघितली होती," मी म्हणाले आणि हातातल्या लुगड्याकडे वळले. "आई, तुझ्या त्या बोटांसाठीच मी ही पावडर बनवली होती."