पाटीवरचा समाज

कासार आंबोलीच्या ओढ्यालगतची हैबतरावांची जमीन हिंजवडीतल्या एका कंपनीने घेतली, तेव्हा गावात फारशी चर्चा झाली नाही. जमिनी विकल्या जातातच. चर्चा सुरू झाली ती पाटीमुळे.

कंपनी सौर दिवे बनवते. नफ्याइतकाच विचार समाजाच्या हिताचाही केला जाईल, असं तिच्या नियमावलीत कलम आहे. ते शोभेचं वाक्य नाही. नियमावली रीतसर नोंदलेली आहे आणि कलम संचालकांवर बंधनकारक आहे. ही जमीन त्याच कलमाखाली घेतली होती. झाडं लावायची, ओढा राखायचा आणि गुरामेंढरांची पाण्यावर जायची वाट मोकळी ठेवायची. त्यासाठी कुंपणात मुद्दाम बैलगाडी जाईल एवढी जागा सोडली होती. हे काम पाहणाऱ्या सायलीने तिथे पाटी लावली : ‘ही जागा समाजाच्या हितासाठी’.

तेव्हापासून मेंढरं यायची बंद झाली.

धुळा आणि त्याची बायको सुंदरा पूर्वीपासून याच वाटेने कळप ओढ्यातल्या डोहावर नेत. आता ते पौड रस्त्याने मोठा वळसा घालू लागले. त्या रस्त्यावर डंपर आणि आयटीवाल्यांच्या कॅब. एक गाभण मेंढी गाडीखाली गेली. हे कळल्यावर सायली त्यांच्या घरी गेली.

“वाट उघडी आहे, मग रस्त्याने का जाता?”

“पाटी हाय की,” धुळा म्हणाला. “समाजाची जागा. आमी कशाला शिरायचं?”

“अहो, समाज म्हणजे तुम्हीच!”

“आमच्या समाजाला कोण जागा देतंय, बाई? हैबतरावांची जमीन हुती, त्यांच्याच समाजाला गेली आसंल.”

सायली हैबतरावांकडे गेली. ते आधीच तापलेले.

“मीच येणार हुतो तुमच्याकडं. जमीन माझी घेतली आन दिली कुठल्या समाजाला?”

“कुठल्याच नाही. सगळ्यांसाठी आहे.”

“समाज म्हंजे कुठलातरी एकच आसतोय. सगळ्यांचा कसला समाज? त्याला गाव म्हंत्यात!”

‘गाव’ हा शब्द तिला पटला. ऑफिसात तिने तसं सुचवलं. संचालक निरंजन म्हणाला, “कलमात ‘समाज’ आहे. पाटीवर ‘गाव’ लिहिलं, तर आपण कलम पाळलं हे दाखवायचं कसं?” बऱ्याच चर्चेनंतर दोघांनी मधला मार्ग काढला : ‘सर्व समाजांच्या हितासाठी’.

“इलेक्शनला उभ्या ऱ्हाताय का, मॅडम?” नवी पाटी पाहून हैबतरावांनी विचारलं. सर्व समाज म्हणजे मंगल कार्यालय होणार, असा धुळाने अर्थ लावला. कळप रस्त्यानेच जात राहिला.

शेवटी सायलीने पाटीच उपटून काढली. यात कलम पाळलं गेलं की मोडलं, हे तिला सांगता आलं नसतं. दुसऱ्या सकाळी ती कुंपणातल्या त्या वाटेवर उभी राहिली.

“पाटी कुटं गेली?” कळपामागून आलेल्या सुंदराने विचारलं.

“काढली. या आत.”

“म्हंजे आता नुसती कंपनीची झाली,” धुळा म्हणाला आणि त्याने पुढची मेंढी रस्त्याकडे वळवली.

“थांबा! कुणी विचारलं तर माझं नाव सांगा.”

सुंदराने तिला खालून वर न्याहाळलं. “नावानं काय कळतंय? आडनाव सांगा.”

सायलीने आडनाव सांगितलं नाही. ते सांगितल्याने वाट उघडेल की बंद होईल, याचा तिला अंदाज येईना.

“ऱ्हाऊ द्या,” सुंदरा म्हणाली. “तुमीच फुडं चाला. कुणी बघितलं तर तुमी आणलं म्हनू.”

सायली पुढे चालू लागली. मागून मेंढरं तिला ढुशा देत होती. डोह दिसताच सगळी मेंढरं तिला ओलांडून धावली आणि पाण्यात तोंड घालून उभी राहिली. पलीकडच्या बांधावर हैबतराव होते.

“काय मॅडम!” ते ओरडले. “त्यांच्याच समाजाच्या निघालात व्हय?”

“उद्या बी येताय नव्हं फुडं चालाय?” सुंदराने त्याच वेळी शेजारून विचारलं.

सायली हैबतरावांकडे बघत जोरजोराने मान हलवत होती, नाही, नाही.

“बरं,” सुंदरा म्हणाली, आणि तिने धुळाला हाक दिली, “आवो, आज पोटभर पिऊ द्या त्यास्नी. उद्यापासनं रस्त्यानंच.”